न्यूझीलंडला सहा जणांनी कॅम्परव्हॅनने फिरायचंय, सोबत सासू-सासरे. मार्ग आणि मुक्काम कसे ठरवावेत?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून साधारण तीन आठवडे न्यूझीलंडला जायचं आमच्या घरात ठरत आलंय. आम्ही सहा जण. मी, नवरा, मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची, सासूबाई सहासष्ट आणि सासरे एकाहत्तर. सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे गाडीतच घर असणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त उत्साह त्यांना आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण चढ-उतार आणि जिने नको म्हणतात.

मागे टूरबरोबर युरोपला गेलो होतो. पहाटे उठून बॅगा दाराबाहेर, बसमध्ये डुलक्या, वीस मिनिटं फोटो आणि पुन्हा बस. आपण काय पाहिलं ते आईंना घरी येऊन फोटो बघताना कळलं. या वेळी त्यांना एखाद्या तळ्याकाठी बसून घाई न करता चहा पिता यावा, एवढी माझी मनापासून इच्छा आहे. कॅम्परव्हॅनचा विचार तिथून सुरू झाला.

सध्याचा आराखडा असा: ऑकलंडला गाडी घ्यायची, रोटोरुआ, टाउपो, वेलिंग्टन, तिथून फेरीबोटीने पिक्टन, मग काइकोरा, क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, वानाका, पश्चिम किनाऱ्यावरचे ग्लेशियर, होकिटिका आणि शेवटी क्राइस्टचर्चला गाडी परत. हे तीन आठवड्यांत बसेल का? सहा बर्थच्या गाडीत सहा जण खरंच राहू शकतात का? नवरा नाशिक-मुंबई आणि कोकणातले घाट सराईतपणे चालवतो, पण एवढी मोठी गाडी त्याने कधी हाताळलेली नाही. आणि आम्ही पूर्ण शाकाहारी, आईंचे उपवासही असतात. घरून काय न्यावं, काय नेऊ नये?

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

पर्वतीपायथा

आम्ही आईला घेऊन दक्षिण बेट फिरलो, पण साध्या गाडीने. मुक्काम मोटेलमध्ये. तिथल्या मोटेलला बहुतेक ठिकाणी छोटं स्वयंपाकघर असतं, त्यामुळे वरण-भात, खिचडी सगळं करता आलं. तुमच्याकडे सहा माणसं आणि त्यात दोन ज्येष्ठ आहेत, म्हणून माझं मत स्पष्टपणे मोटेलच्या बाजूने आहे. मोठी सात-आठ सीटर गाडी घ्या. रात्री आईंना नीट पलंग आणि आत बाथरूम मिळणं याला या वयात फार किंमत आहे.

मार्गाबद्दल सांगायचं तर नकाशावर देश लहान दिसतो आणि तिथेच हिशोब चुकतो. गूगल तीन तास म्हणालं की आम्ही चार धरायचो. व्हॅनला त्याहून जास्त धरा.

क्राइस्टचर्चचा_सातारकर

ताई, नमस्कार. मी मूळचा कोरेगावचा, आता बरीच वर्षं क्राइस्टचर्चला आहे. मोटरहोमच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. भाड्याने गेलेल्या गाड्या प्रवासाहून परत आल्या की कुठे काय मोडलंय, लोकांना कशाचा त्रास झाला, हे माझ्यासमोर येतं. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, उत्तर बेट या खेपेला सोडा. ऑकलंड ते वेलिंग्टन सुमारे ६५० किलोमीटर आणि पुढे कुक सामुद्रधुनी. फेरीचा प्रवास साडेतीन तासांचा, पण रांगेत लागणं, चढणं-उतरणं धरून दिवस त्यातच जातो. भाडं गाडीच्या लांबीवर असतं आणि सहा बर्थची गाडी सात मीटरची, म्हणजे खर्च बराच. वारा फार असला तर फेरी रद्द होते. त्यात २०२५ मध्ये इंटरआयलंडर या फेरी कंपनीची ‘आराटेरे’ ही बोट सेवेतून काढली, तेव्हापासून त्यांच्याकडे दोनच बोटी आहेत. सुट्टीच्या दिवसांत मोठ्या गाडीला जागा मिळवायची तर फार आधीपासून तारखेला बांधून घ्यावं लागतं. एकदा एका तारखेला बांधले गेलात की अलीकडचे सगळे मुक्काम पळापळीचे होतात, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय. रोटोरुआचे गरम झरे बघायचेच असतील तर ऑकलंडला उतरून दोन-तीन दिवस साधी गाडी घ्या, मग विमानाने क्राइस्टचर्चला या. व्हॅन इथूनच घ्या, इथेच परत करा.

दुसरी गोष्ट सहा बर्थची. पर्वतीपायथा यांचं म्हणणं मला मान्य आहे, आईंना पलंग आणि बाथरूम हवंच. पण त्यासाठी व्हॅन सोडायची गरज नाही. सहा बर्थ म्हणजे काय ते आधी नीट बघा. एक डबल बेड ड्रायव्हरच्या डोक्यावर असतो, तिथे शिडीने चढायचं. बाकीचे दोन बेड दिवसा बसायच्या जागा असतात. टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या जुळवल्या की बेड होतो. म्हणजे आई साडेनऊला आडव्या झाल्या की उरलेल्यांना बसायला जागा नाही. मध्यरात्री कुणी टॉयलेटला उठलं की गाडी हलते आणि सगळे जागे होतात.

म्हणून माझा सल्ला असा: गाडी सहाचीच घ्या, कारण प्रवासात सहा सीट-बेल्ट लागतात, त्याला पर्याय नाही. पण रात्री गाडीत चौघंच झोपा. इथल्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे गाडी लावून मुक्काम करायच्या जागेत, व्हॅनच्या जागेबरोबर केबिनही मिळतात. आतच टॉयलेट-बाथरूम असलेली, तळमजल्याची केबिन आई-बाबांसाठी घ्या आणि व्हॅन जवळच्या जागेवर लावा. सकाळी ते चहाला तुमच्याकडे येतील. मुलगा-मुलगी वरच्या बेडवर, तुम्ही दोघं मागच्या, आणि तिसरी जागा टेबल म्हणून तशीच राहील, रोज मोडायला-जोडायला नको. माझे आई-वडील आले होते तेव्हा आम्ही असेच फिरलो आणि आईची कुठे म्हणून तक्रार नव्हती.

लहानगीला इथल्या कायद्याने चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागेल, सात वर्षं पूर्ण होईपर्यंत सक्ती आहे. व्हॅनमधल्या सगळ्याच जागांवर सीट बसत नाही, बुकिंग करताना हे विचारून घ्या.

आता गाडीतलं पाणी आणि टॉयलेट. हे मुद्दाम खोलात सांगतो, कारण लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. चांगल्या पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरच्या आसपास. सहा जणांनी गाडीत आंघोळी केल्या तर एका दिवसात खडखडाट. आंघोळीला पार्कचं बाथरूम वापरा, गाडीतलं पाणी भांडी आणि चहासाठी ठेवा. टॉयलेटची खाली एक बंद पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. अठरा-वीस लिटरची. गाडीच्या बाहेरच्या बाजूने छोटं दार उघडून ती ओढून काढायची, चाकांवर ओढत डम्प स्टेशनला, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची, तोंड फिरवायचं, झाकण काढायचं. ओतताना वरचं हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. ते दाबलं नाही तर आत हवा अडते, गुळगुळ आवाज येतो आणि मग शिंतोडे उडतात. बटण दाबलं की एका धारेत रिकामी होते. दोनदा पाणी घालून हलवायची, ओतायची, निळं औषध टाकायचं आणि परत सरकवायची. पाच मिनिटांचं काम. रबरी हातमोजे ठेवा. तिथे दोन नळ असतात, एक धुण्याचा आणि एक पिण्याचा. पाटी वाचूनच टाकी भरा. तुमच्या सासऱ्यांना हे एकदा दाखवलं की दुसऱ्या दिवसापासून ते कुणाला हात लावू देणार नाहीत, वर्कशॉपच्या माणसांना मी ओळखतो.

मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग फक्त पार्कची वीज जोडल्यावर चालतात. एरवी दिवे, पंप आणि फ्रिज बॅटरीवर, शेगडी गॅसवर. फोडणी देताना वरची खिडकी उघडा आणि पंखा लावा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आधी धुराचा अलार्म बोंबलतो.

बाकी चालवण्याचं. डावीकडूनच चालवायचं असल्यामुळे तुमच्या यजमानांना त्याची अडचण नाही. मोकळ्या रस्त्यावर मर्यादा १०० ची आहे, पण व्हॅन ८०-९० वर ठेवा आणि मागे गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून थांबा, त्यांना जाऊ द्या. इथे लोक त्याची वाट बघतात आणि हात करून आभारही मानतात. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल फार. पुलाआधी दोन बाण असलेली पाटी असते. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असला तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. चौकोनी निळ्या पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असला तर हक्क तुमचा, तरी समोर बघूनच चाक पुलावर घाला.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत इंजिनाचं काम फार कमी असतं. येतात ती छपरं आणि दारं. गाडीची उंची सव्वातीन मीटरच्या वर. डोक्यावर एवढं घर आहे हे ड्रायव्हर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विसरतो आणि झाडाच्या फांदीखाली किंवा दुकानाच्या छताखाली घालतो. उंचीचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आणि दारं वाऱ्याने जातात. कँटरबरीत वायव्येचा कोरडा वारा सुटतो, वसंतात तर जोरात. ड्रायव्हरचं दार उघडलं की वारा ते हातातून हिसकावून पुढच्या पत्र्यावर आपटतो, बिजागरीसकट वाकतं. गाडी थांबवताना नाक वाऱ्याकडे ठेवा आणि मुलांना सांगून ठेवा की दार मोठी माणसं उघडतील. विमा घेताना छप्पर, गाडीचा तळ आणि वाऱ्याने मोडलेलं दार यांत येतं का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. साध्या पॅकेजमध्ये बहुतेकदा नसतं.

डिझेल गाडी असली की इंधनाशिवाय किलोमीटरमागे रस्ता-कर वेगळा लागतो, कंपनी तो शेवटी लावते. बजेटमध्ये धरा. गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर देते.

गोदाकाठ

दादा, किती आभार मानू! केबिनची कल्पना डोक्यातच आली नव्हती. बाबांना कॅसेटचा परिच्छेद वाचून दाखवला, त्यांनी ते काम आताच स्वतःकडे घेतलंय. उत्तर बेट आम्ही सोडतोय, घरात एकमत झालं.

आता दक्षिण बेटाचा मार्ग कसा करू? आणि लायसन्सचं काय? शिवाय एक विचारायचंय. या काळात आम्ही लक्ष्मीपूजनाला तिथे असू. आईंना पणत्या लावायच्या आहेत, जमेल का? रस्त्याकडेला कुठेही फुकट मुक्काम करता येतो असं वाचलं, ते खरं आहे का?

कढीलिंब

खाण्याचं मी सांगते. आम्ही ऑकलंडला राहतो आणि दरवर्षी भारतातून पाहुणे येतात, त्यामुळे विमानतळावरची तपासणी पाठ झाली आहे.

निघण्याआधी प्रत्येकाला न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे. त्यात खाण्याचा प्रश्न आला की ‘हो’ म्हणा, पिशवीत खाकऱ्याचं एकच पाकीट असलं तरीही. जाहीर केलेली वस्तू चालत नसेल तर ते ठेवून घेतात, एवढंच. न सांगता सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड, म्हणजे वीसेक हजार रुपये. विमानात दिलेलं सफरचंद पर्समध्ये राहिलं म्हणूनही लोकांना दंड झालाय.

मध आणू नका, तो चालतच नाही. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं नकोत. तूप, खवा, पेढे, दुधाचं काहीही नको. तूप इथे उत्तम मिळतं. पेरता येईल असं बी नको. गोडा मसाला, हळद, तिखट कंपनीच्या बंद पाकिटात, लेबलासकट आणा, आणि खाण्याच्या सगळ्या वस्तू एकाच पिशवीत ठेवा म्हणजे काउंटरवर पटकन दाखवता येतात. घरी केलेली भाजणी आणि मेतकूट यांची खात्री देता येत नाही. क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागात भारतीय दुकानं आहेत. साबुदाणा, शेंगदाणे, वरीचे तांदूळ, आटा, डाळी तिथेच भरा, वजनही वाचेल. ट्रेकिंगचे बूट घासून धुऊन आणा. तळव्याला माती दिसली की ते बूट बाजूला घेतात.

दक्षिणेत गावं लहान आहेत. टेकापो सोडलं की मोठं सुपरमार्केट लवकर भेटत नाही, त्यामुळे भाजी, दूध क्राइस्टचर्चला आणि पुढे वानाका-क्वीन्सटाउनला भरून घ्यायचं. छोटा कुकर घरून आणा. आणि एक मग आणा, इथे टॉयलेटमध्ये फक्त कागद असतो.

क्राइस्टचर्चचा_सातारकर

लायसन्स भारताचं इंग्रजीतलं असेल तर इथे चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. १००० रुपये फी आहे, वर्षभर चालतो. काउंटरवर वाद नको. चालवणारी दोन माणसं नोंदवा, तुम्हीही नाव घाला. पासपोर्ट भारताचा असल्यामुळे व्हिसा प्रत्येकाला आधी काढावा लागेल आणि त्याच्या जोडीला पर्यटक-कर आहे, ऑक्टोबर २०२४ पासून माणशी १०० डॉलर. सहा जणांचे हे पैसे आधीच बाजूला काढा.

फुकट मुक्कामाचं: कुठेही थांबता येत नाही. गाडीत पक्कं बसवलेलं टॉयलेट असल्याचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ मध्ये कायदा बदलला, आता काचेवर हिरवा परवाना हवा. आणि तो असला तरी नगरपालिकेने जिथे परवानगी दिली आहे तिथेच. नाहीतर सकाळी काचेवर शेकडो डॉलरची चिठ्ठी लागते. ‘कॅम्परमेट’ हे ॲप फोनवर घ्या. परवानगीच्या जागा, डम्प स्टेशन, गॅस, पाण्याचे नळ सगळं नकाशावर दिसतं. खेरीज इथल्या निसर्गसंवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या, कॅम्पच्या जागा आहेत. स्वस्त, सुंदर, पण बहुतेक ठिकाणी वीज नाही. आई-बाबांना घेऊन अशी एखादीच रात्र करा.

आता मार्ग. आधी दिवाळीचं बोलतो, कारण माझ्या मते तुमचा सगळा आराखडा त्याभोवती बसवावा. टेकापो आणि माउंट कुकचा पट्टा २०१२ पासून जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे काळोख्या आकाशाचं अभयारण्य आहे, गावातले दिवेही खाली झाकलेले असतात. आणि लक्ष्मीपूजन अमावस्येला! चंद्र नाही, म्हणजे आकाश बघायला वर्षातल्या उत्तम रात्री तुम्हाला पंचांगानेच काढून दिल्या आहेत. अमावस्येच्या आगेमागे तीन-चार रात्री टेकापो आणि माउंट कुकजवळचं ग्लेनटॅनर इथे ठेवा. नोव्हेंबरात पूर्ण काळोख व्हायला साडेदहा वाजतात, मुलांना दुपारी झोपवा. मॅजेलनचे दोन ढग, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी दिसतात, धुरकट चांदीसारखे. आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसणारा अगस्ती इथे मावळतच नाही. मृग उशिरा उगवतो आणि उलटा उभा असतो. बाबांना मृग ओळखता येत असेल तर त्यांना आधी काही सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या.

पणत्यांचं मात्र जपून. गाडीत किंवा केबिनमध्ये ज्योत अजिबात नको. बाहेरही त्या भागात वारा आणि वाळलेलं गवत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या लेक ओहाऊ गावात वणवा शिरला आणि जवळपास ५० घरं जळाली. इथले लोक ते विसरलेले नाहीत. पार्कच्या ऑफिसात विचारा, वारा पडलेला असेल आणि ते हो म्हणाले तर खडीवरच्या टेबलावर बरणीच्या आत लावा. नसता बॅटरीच्या पणत्या घेऊन या. आईंना कारण सांगितलंत तर त्या समजून घेतील.

क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर. गाडी हातात आली त्या दिवशी एवढंही करू नका. पहिली रात्र शहरातल्याच पार्कमध्ये काढा, सगळे नळ, बटणं, बेड एकदा करून बघा, बाजार भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. टेकापोचं पार्क तळ्याकाठीच आहे. तुम्ही म्हणालात तो चहा तिथे. पाण्याचा निळा रंग ग्लेशियरने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे येतो, ऊन असेल तेव्हाच तो खरा दिसतो, म्हणून दोन दिवस हवेत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर लुपिनची जांभळी फुलं रस्त्याकडेला असतील. फोटो छान येतात, पण ते इथलं झाड नाही. नदीच्या वाळूत पसरून पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा खाऊन टाकतं. बिया बुटाला चिकटून पुढे जाणार नाहीत एवढं बघा.

पुकाकी तळ्याच्या कडेने माउंट कुककडे जाणारा रस्ता माझा सगळ्यात लाडका. समोर ३७२४ मीटरचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक, ढग नसतील तर पूर्ण रस्ताभर. ग्लेनटॅनरचं पार्क डोंगराच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर आहे, केबिन आहेत, वीज आहे. तिथून पुढच्या गावात मोठं दुकान नाही, जेवणाची तयारी बरोबर ठेवा.

नंतर लिंडिस पासवरून वानाका, दोन-तीन रात्री. वानाकाहून क्वीन्सटाउनला क्राउन रेंजचा रस्ता जवळचा दिसेल, तो घेऊ नका. हजार मीटरच्या वर चढून पलीकडे तीव्र वळणांनी उतरतो, लांब गाडीने तो आनंदाचा नाही. क्रॉमवेलवरून जा. क्वीन्सटाउनला गर्दी आणि पार्किंगची रड आहे, मी तिथे एकच रात्र ठेवेन आणि मिलफर्डच्या वाटेवरच्या टे आनाउ गावी जास्त.

आता मिलफर्ड, डोंगरकड्यांमधली समुद्राची खाडी. टे आनाउपासून १२० किलोमीटर, मध्ये पेट्रोल नाही, होमर बोगदा सव्वा किलोमीटरचा, खडकात खोदलेला, उतरता. मे ते नोव्हेंबर हिमस्खलनाचा काळ, रस्ता मध्येच बंद होतो. माझं ठाम मत: व्हॅन टे आनाउला ठेवा आणि सगळ्यांनी बसने जा. यजमानांना त्या दिवशी खिडकीत बसू द्या. तिथे वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो, आंबोलीच्या तोडीचा. म्हणून पाऊस असला तर हिरमुसू नका. कोरड्या दिवशी मोजके धबधबे असतात, पावसात प्रत्येक कडा वाहू लागतो.

बोगद्यापाशी किया भेटेल. हा डोंगरी पोपट हुशार आणि धीट. गाडी थांबली की छपरावर उतरतो आणि चोचीने खिडकीचं रबर सोलून काढतो. वायपर, एरियल, छतावरच्या झरोक्याची कड, काही सोडत नाही. त्याची अशी चोच लागलेली रबरं मी कितीतरी बदलली आहेत. खायला काही देऊ नका, त्याने त्याचा जीव जाऊ शकतो.

परतीला हास्ट पासवरून पश्चिम किनारा. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, मलम टे आनाउलाच घ्या. फॉक्स ग्लेशियर गावाजवळच्या मॅथेसन तळ्याची वाट बरीचशी सपाट आहे, आईंना तळ्यावरच्या पहिल्या जेट्टीपर्यंत नक्की जमेल, पहाटे वारा नसताना जा. ग्लेशियर खूप मागे सरकलेत, जवळ जाऊन हात लावायची कल्पना सोडा. जोराच्या पावसात हास्ट ते फॉक्स रस्त्यावर दरड येते आणि वळसा घालायचा तर सगळं बेट ओलांडावं लागतं. म्हणून या टप्प्यावर एक रिकामा दिवस ठेवाच, आणि परतीचं विमान किनाऱ्यावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका.

शेवटी ग्रेमथ. तिथून आई-बाबा आणि मुलांना ट्रान्झअल्पाइन रेल्वेत बसवा. २२३ किलोमीटर, साधारण पाच तास, ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा आणि मग कँटरबरीची मैदानं. एक मोठा माणूस आई-बाबांच्या सोबत, दुसऱ्याने व्हॅन आर्थर्स पासवरून आणायची. बाबा खूश होतील.

पर्वतीपायथा, तुमचं गूगलच्या वेळेचं गणित अगदी बरोबर आहे. व्हॅनला तीनाचे चार धरा आणि दिवसाला अडीच-तीन तासांपेक्षा जास्त चालवू नका.

गोदाकाठ

रेल्वेचं ऐकून बाबा नकाशा घेऊन बसलेत. अमावस्येचा योग वाचून मलाच अंगावर काटा आला. एक शेवटचं: आधी काय बुक करू? आणि तब्येतीचं काही झालं तर?

क्राइस्टचर्चचा_सातारकर

आधी टेकापो आणि ग्लेनटॅनरच्या केबिन, अमावस्येच्या तारखांच्या. मग टे आनाउची केबिन. त्या मिळाल्या की व्हॅन, मग विमान. उलटं केलंत तर व्हॅन हातात असेल आणि आईंना झोपायला जागा नसेल. ऑक्टोबरचा चौथा सोमवार लेबर डे, आणि नोव्हेंबरच्या मध्याला कँटरबरीची सुट्टी. या दोन्ही लांब शनिवार-रविवारी अर्धं क्राइस्टचर्च टेकापोला असतं. तारखा जुळत असतील तर आजच बघा.

अपघातात लागलं तर इथली एसीसी ही सरकारी अपघात-योजना पाहुण्यांनाही उपचार देते. आजारपण त्यात येत नाही, त्यामुळे आई-बाबांचा प्रवास विमा जुन्या आजारांसकट जाहीर करून काढा. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. तातडीचा नंबर १११. किनाऱ्यावर हास्टच्या आसपास बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, त्या दिवशी निघताना गोळ्या, पाणी आणि खाणं आईंच्या हाताशी ठेवा, मागच्या कपाटात नको. गाडी चालू असताना कपाटं उघडता येत नाहीत.

तारखा नक्की झाल्या की इथेच टाका. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मी रिकामा असलो तर येतो, गॅस आणि कॅसेट बाबांना समोर दाखवतो.